नानूकाकांचं वल्हं

नानू तारींनी आयुष्यात एकच माणूस खाडीत टाकला होता. पण ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली तोवर त्या एकाचे दोन झाले होते, आणि त्यांच्या होडीतून जायला लागून मला दोन वर्षं झाली तेव्हा चार. चौथा तर म्हणे घाटावरचा पैलवान होता. "बखोटीक धरलंय, उचललंय आणि दिलंय टाकून पाण्यात!" असं म्हणत ते वल्ह्यावरचा एक हात सोडून उचलण्याची कृती करून दाखवायचे. त्या नादात होडी तिरकी व्हायची. मग ती सरळ करता करता शेवटचं वाक्य यायचं, "बायलमाणसाक कोणी हात लावलो, तर नानू तारी सोडूचो नाय."

गावानं त्यांच्या आडनावावर एक म्हण बसवली होती. देव तारी त्याला कोण मारी, नानू तारी कोणालाही मारी. ती त्यांच्या कानावर गेली होती आणि, खोटं कशाला बोलू, त्यांना ती आवडायचीही.

मी पोस्टात कामाला. आमची वाडी आचऱ्याच्या बाजूला, खाडीच्या अल्याड. पोस्ट, बाजार आणि कॉलेज पल्याड. रस्त्यानं जायचं तर पुलाला वळसा घालून दोन गाड्या बदलायच्या आणि दीड तास घालवायचा. होडीनं वीस मिनिटं. अकरा वर्षं मी त्या होडीनं गेले-आले. लोकांचा संसार घरात होतो, तुझा निम्मा पाण्यावर झाला, असं आमचे हे म्हणतात, आणि त्यात फार खोटं नाही.

चार माणसं खाडीत टाकणारा हा माणूस दिसायला जेमतेम पाच फूट. खांदे तेवढे रुंद, बाकी सगळा चिपाड. डोक्याला पंचा, अंगात बटणं नसलेला खाकी शर्ट. होडीत कोणी बाईमाणूस पाऊल टाकायच्या आधी ते डोक्याचा पंचा सोडून बसायची फळी पुसायचे आणि म्हणायचे, "बसा पोष्टीणबाय, फळी पुसलंय." पुरुषांसाठी फळी पुसायचे नाहीत. त्यांनी आपल्या लेंग्यानं पुसावी. मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बाया दिसेपर्यंत होडी सोडायची नाही, मग काठावरचा तलाठी घड्याळ दाखवून कितीही तडफडो. सरकारी नियमाप्रमाणे पाण्यात घालायची नारिंगी जाकिटं होडीत होती, पण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. "घालून घालून मळतीत. मगे सायब तपासूक इले की दाखवू काय?" हे त्यांचं उत्तर. होडीत त्यांचा एकच खरा कायदा होता. होडीत उभं राहायचं नाही. "उबो रवलो तो बुडलो, आणि दुसऱ्याक घेवन बुडलो." पर्यटक फोटोसाठी उठायला लागले की नानूकाका असे ओरडायचे की पलीकडच्या काठावरचे बगळे उडत.

खाडीत टाकलेल्या त्या एका माणसाची खरी हकिगत मला सुलभानं सांगितली. सुलभा मासळी विकायची आणि रोज माझ्या शेजारी बसायची. एका पर्यटकाला तिच्याबरोबर फोटो हवा होता. ती नको म्हणाली तर त्यानं तिचा दंड धरून तिला ओढलं. नानूकाकांनी त्याला जो धक्का दिला तो थेट गुडघाभर पाण्यात. पैलवान वगैरे कोणी नव्हता, बँकेतला कारकून होता बिचारा.

"माका तेवा बराच वाटला, नाय म्हणूचंय नाय," सुलभा हसत म्हणाली. "पण धक्को दिल्यानी तेवा माजी पाटी पण गेली पाण्यात. पाटीभर बांगडे गो! तेंच्या गोष्टीत माजे बांगडे खंय येतत?"

मीही हसले. त्या वेळी मला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नव्हतं.

हा माणूस नुसता मारकुटा असता तर मी त्याच्यावर लिहायला बसले नसते. माझे वडील गेले त्यानंतरची गोष्ट. बारावं-तेरावं उरकून मी कामावर निघाले होते. घरात सगळ्यांसमोर रडू आलं नव्हतं, ते होडीत आलं. होडीत त्या दिवशी मी एकटीच. नानूकाकांनी काही विचारलं नाही. तोंड दुसरीकडे करून ते वल्हवत राहिले. एरवी वीस मिनिटांत येणारा काठ येईचना. माझं रडून झालं, पदरानं तोंड पुसून झालं, तेव्हा कुठे काठ दिसायला लागला. मी घड्याळ बघितल्यावर ते म्हणाले, "आज सुकती आडवी आसा, बाय. येळ लागलो." पोस्टात गेल्यावर मी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली. तिथीवरून हिशेब केला तर सुकती म्हणजे ओहोटी नव्हतीच, ती वेळ भरतीची होती, आणि पाणी आमच्याच बाजूनं होतं. मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून हा माणूस मला माझ्या माहेरचा वाटायला लागला.

त्यांची बायको जनाकाकी मात्र त्यांना पुरती ओळखून होती. "ह्येंचो हात आदी जाता. डोक्या मागसून सावकाश चलान येता," असं ती चारचौघांत म्हणायची.

वृषाली सुलभाची मुलगी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, रोज आमच्याच होडीनं कॉलेजला जायची. अंगानं बारीक, बोलणं मोजकं, वहीला नेहमी कव्हर. त्या वर्षी होडीत सिद्धेश नावाचा एक तरुण येऊ लागला. बाप बाजारातला मोठा दुकानदार, आणि हा पर्यटकांना पाण्यातले खेळ खेळवायच्या धंद्यात. तो वृषालीशेजारी बसायचा. ती जागा बदलायची, तोही बदलायचा. गुडघा लावायचा, गाणी गुणगुणायचा, फोन तिच्याकडे वळवून धरायचा. हे महिनाभर चाललं होतं. होडीत आम्ही रोज दहा-बारा माणसं असायचो. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि आम्ही सगळे मिठाची गुळणी धरून पाण्याकडे बघत होतो. मी तर पर्समधल्या चिठ्ठ्या लावत बसायचे. रोजच्या रोज काय इतक्या चिठ्ठ्या लावायच्या असतात माणसाला?

सुलभा त्या दिवसांत पहाटेच्या खेपेनं जायची, त्यामुळे तिला हे माहीत नव्हतं. नानूकाकांना मात्र हळूहळू दिसायला लागलं होतं. त्यांच्या गोष्टी बंद झाल्या होत्या.

तो शनिवार होता, सकाळची खेप. सुकती संपत आलेली, खाडीच्या मध्यावर वाळूचा पट्टा वर आलेला. सिद्धेशचा हात वृषालीच्या पाठीवरून खाली सरकला. ती हलली नाही. फोन मांडीवर धरून खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, पोरगी घाबरून थिजली. आणि नानूकाका उभे राहिले. अकरा वर्षांत त्यांना होडीत उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काका, नको!" वृषाली ओरडली.

पण वल्हं उचललेलं होतं. ते सिद्धेशच्या डोक्यात बसलं, आणि त्याच क्षणी होडी कलंडली. पाटी, पिशव्या, डबे, पोस्टाची माझी पर्स, सगळं पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून निभावलं. नानूकाकांनी म्हाताऱ्या बायांना एकेक करून उचलून वाळूच्या पट्ट्यावर ठेवलं. सिद्धेश कपाळ धरून रक्तबंबाळ उभा होता, त्यालाही त्यांनीच बखोटीला धरून बाहेर काढलं. त्याला नंतर सहा टाके पडले.

होडी सरळ करून परत आमच्याच काठावर पोचलो तेव्हा बातमी आमच्याआधी पोचली होती. लोकांनी नानूकाकांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. चहा काय, पाठीवर थापा काय! "नानू, बरो दिलंस! एक घाव दोन तुकडे!" नानूकाका ओल्या अंगानं चहा पीत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. माणूस आनंदात होता.

वृषाली मात्र आमच्याबरोबर वर आलीच नव्हती. ती एकटी पाण्यात वाकून काहीतरी शोधत होती. भरतीचं पाणी छातीला लागेपर्यंत शोधत होती. शेवटी नानूकाका काठावरून ओरडले, "गो चेडवा, ये भायर! आता भियाव नको. नानू तारी आसा!" तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती घरी निघून गेली. तिचे दात घट्ट आवळलेले होते.

काय शोधत होती ते मला सोमवारी सुलभाकडून कळलं. फोन शोधत होती. महिनाभर सिद्धेश जे जे करत होता ते ती गुपचूप फोनमध्ये टिपून ठेवत होती. कॉलेजात असल्या तक्रारींसाठी समिती असते. तिथल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, पुरावा घेऊन ये, सोमवारी लेखी तक्रार घेऊ, त्याला पोलिसांपुढे उभा करू. शनिवारी ती थिजून बसली नव्हती. तो हातही ती टिपत होती. फोन शेवटी एका मासेवाल्याच्या जाळ्यात सापडला, पण मेला तो मेलाच.

पुढचं सगळं उलटं झालं. टाके सिद्धेशला पडलेले, त्यामुळे मार खाल्लेला तो आणि मारणारे आम्ही. वृषालीचं नाव मात्र दोन्ही काठांवर बदनाम झालं. तिचा बाप देवगडला ट्रॉलरवर असतो, त्यानं तिथूनच फोन करून सांगितलं, चेडू आता होडयेत चडाचा नाय. कॉलेज बंद. पुलावरून दोन गाड्या बदलून जायचं तर वर्ग गाठताच येत नव्हता. सिद्धेशच्या बापानं निरोप धाडला, एक तर देवाच्या दारात निवाडा करा, नाही तर मी नानूवर पोलीस केस करतो. ग्रामपंचायतीनं होडीची खेप नानूकाकांकडून काढून रमाकांत नावाच्या इंजिनवाल्याला दिली. पण ते नंतरचं. वृषालीचं कॉलेज राहतं की जातं, एवढाच प्रश्न तेव्हा होता, आणि त्याचं उत्तर पोरीच्या हातात उरलं नव्हतं.

मंगळवारी नानूकाका माझ्या खिडकीशी आले. पोस्टात त्यांचं काही काम नसायचं. मी त्यांना फोनचं सगळं सांगितलं. ते डिंकाच्या बाटलीकडे बघत ऐकत होते, आणि एकदम उसळले.

"मगे काय करूचा होता? हात बांदून बसाचा? तुमी बसलास तशी?"

मी एवढंच विचारलं, "काका, ती नको म्हणून ओरडली, ते ऐकलंत तुम्ही?"

"आयकलंय. माका वाटला, भियाली."

मागे रांगेत दोन माणसं होती. नानूकाका खिडकीच्या आणखी जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरा सांगू, पोष्टीणबाय? वल्हा उचललंय तेवा चेडू माज्या मनात नाय होता. मनात काय इला, सांगू? आता ह्येची गोष्ट जातली गावभर."

सत्तरी गाठलेल्या माणसानं हे तोंडानं कबूल करणं सोपं नाही. मला त्यांची फार माया आली. ते लगेच सावरले आणि म्हणाले, आता हे सगळं मीच निस्तरतो. रविवारी देवळात गाऱ्हाणं आहे, तिथे गावकरमामांना तिच्या अब्रूचं असं गाऱ्हाणं घालायला सांगतो की गाव बघत राहील. मी म्हटलं, बरं होईल काका. तिला एकदा विचारावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडचं देवापुढचं बोलणं. ज्याचं दुःख असतं तो हात जोडून गप्प उभा राहतो. बोलतात ते मानाचे गावकर, त्याच्या वतीनं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. एकाचं मागणं असं सगळ्यांचं होतं. ज्याला कोणी व्हय म्हणत नाही ते मागणं तिथंच पडतं.

रविवारी सकाळी सभामंडप भरला होता. एका बाजूला कपाळाला पट्टी बांधून सिद्धेश आणि त्याचा बाप, दुसऱ्या बाजूला सुलभा आणि वृषाली. नानूकाका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला मात्र सगळी बटणं होती. गावकरमामांनी नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्या चेडवाच्या अब्रूचो..."

"मामानू, जरा थांबा," वृषाली म्हणाली. "माजा गाऱ्हाणा मी घालतंय."

मंडपात कुजबुज झाली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं कोणी पाहिलं नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालंही, रीत नाय ती. गावकरमामा ऐंशीचे, कानानं जरा कमी. त्यांनी नारळाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवाक बायलेचो आवाज काय बाप्याचो, सगळो सारकोच. घाल गो."

तिनं हात जोडले आणि देवाकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, मी वृषाली, सुलभाचा चेडू. ह्या सिद्धेशान माका म्हयनोभर होडयेत त्रास दिलो. मी भिवन गप नाय होतंय. पुरावो गोळा करी होतंय. ता माजा काम होता, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला. सिद्धेशची मान खाली गेली.

"होडयेतल्या माणसांनी ता रोज बघितला आणि नजर पाण्यात घातली. तेंका तोंड दी रे म्हाराजा."

आवाज अर्धाच आला. त्यात माझा नव्हता. सुलभानं माझ्याकडे पाहिलं, मग मीही म्हटलं, व्हय म्हाराजा. म्हणताना मान वर करवली नाही.

मग वृषाली थांबली. तिनं एकदा नानूकाकांकडे पाहिलं, आणि पुन्हा देवाकडे तोंड करून म्हणाली, "आणि नानूकाकांनी माका इचारल्यानी नाय. मी नको म्हटलंय, ता आयकल्यानी नाय. माज्या नावान हात उचलल्यानी, आणि माजो फोन गेलो, आता माजा कॉलेज जाता. तेंची माया आसा, ती माका म्हायत आसा. पण तेंच्या मायेक इचारूची अक्कल दी रे म्हाराजा."

ज्याला परवा लोक खांद्यावर घेणार होते, त्याच्याविरुद्ध व्हय कोण म्हणणार? एकही आवाज निघेना. मला वाटलं, पोरीचं गाऱ्हाणं आता इथंच पडणार. सुलभा पदर तोंडाशी धरून उभी होती.

"व्हय म्हाराजा."

नानूकाका एकटेच म्हणाले. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि पुन्हा एकदा, खणखणीत, होडीतून बगळे उडवायचे त्या आवाजात, "व्हय म्हाराजा!"

मग सगळा मंडप म्हणाला. मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"माका रोज होडयेत बसान कॉलेजाक जावक गावांदे, म्हाराजा," वृषालीनं शेवटचं मागणं घातलं, आणि त्याला व्हय म्हणताना सुलभाचा आवाज सगळ्यात पुढे होता. बाहेर पडल्या पडल्या तिनं देवगडला फोन लावला. "चेडू उद्या जातला," एवढंच सांगून तिनं तो बंदही केला. सिद्धेशच्या बापाला गावकरमामांनी बाजूला घेतलं. केसची भाषा नंतर ऐकू आली नाही. सिद्धेशनं पुढे पुलावरून जाणंच पसंत केलं. आणि सोमवारी होडीत वृषालीच्या एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला सुलभा, पाट्या मांडीवर घेऊन.

नानूकाकांना पंचायतीनं पुढे होडी परत देऊ केली होती. त्यांनी घेतली नाही. "माका आता दुसऱ्याचा आयकाक शिकाक व्हया. ह्या वयात येळ लागतलो," म्हणाले. ते रोज सकाळी काठावरच्या पायरीवर येऊन बसायचे. आणि त्यांचं ते शिकणं म्हणजे एक वेगळाच ताप झाला. पाटी उतरवणाऱ्या बाईला ते विचारायचे, "बाय, हात लावू?" मला विचारायचे, "छत्री धरू काय?" ऊन नसलं तरी विचारायचे. काठावर झोपलेल्या कुत्रीलाही एकदा, जरा सरकतेस काय, असं विचारताना मी त्यांना पाहिलं आहे. जनाकाकी वैतागून म्हणाली, "सकाळी चाय घेव काय, आंगोळ करू काय... ह्येंचो दिस सगळो इचारण्यातच जाता! आदीचो हात बरो होतो."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, काका, मग मारायचंच नाही का कधी? ते पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले.

"तसा मी म्हणूचंय नाय," शेवटी म्हणाले. "चेडू बुडता आसा आणि मी काठार बसान इचारतंय, काढू काय? ता पाप. पण ता बुडत नाय होता, पोष्टीणबाय. ता पेवत होता. ता माका दिसूक नाय."

पोरगी बुडत नव्हती, पोहत होती. मी यावर खूप विचार केला आहे. त्यांच्या रागात काही खोटं होतं असं मला वाटत नाही. दहा-बारा तोंडं बंद राहिली म्हणून तो एक हात उठला, एवढं मी माझ्यापुरतं मान्य केलं आहे. पण मार खाणाऱ्याचं डोकं फुटतं आणि मारणाऱ्याची गोष्ट होते, या दोघांच्या मध्ये जिच्यासाठी मारलं तिचं काय होतं, हे मला त्या शनिवारी कळलं, आणि सुलभाचे बांगडे कुठे गेले हेही.

पुढच्या वैशाखात माझी बदली खारेपाटणला झाली. दिवाळीच्या सुमारास वृषालीचा फोन आला. नानूकाका गेले, झोपेतच. ती रडत नव्हती. मी मात्र रडले, टपालाच्या थैल्यांवर बसून.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या होडीतल्या माझ्या शेवटच्या दिवशी. आम्ही सगळे बसलो होतो, वृषाली माझ्यासमोर. रमाकांत इंजिनाची दोरी ओढणार, एवढ्यात सिद्धेश आला. त्या गाऱ्हाण्यानंतर पहिल्यांदाच. कोणाकडे न बघता तो होडीत चढला. मी म्हटलं, "तू फुडे बस. तोंड फुडे करून." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तो पुढच्या फळीवर जाऊन बसला.

नानूकाका पायरीवरून उठून पाण्याच्या कडेपर्यंत आले होते. पायाला पाणी लागत होतं. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. होडीतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"गो वृषाली," त्यांनी सगळ्यांसमोर हाक मारली, "काय करू?"

तिनं पुढच्या फळीवरच्या पाठीकडे पाहिलं. मग होडीतल्या आम्हा सगळ्यांकडे एक नजर टाकली. घाई केली नाही.

"काय नको, काका," ती म्हणाली. "तुमी थंयच रवा. आमी पोचापर्यंत बघित रवा."

रमाकांतनं इंजिन चालू केलं. वीस मिनिटांचं अंतर आता सात मिनिटांचं झालं होतं. पलीकडे उतरल्यावर वृषालीनं मागे वळून हात केला. नानूकाकांनी हात केला नाही. भर उन्हात, घोटाभर पाण्यात, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ते आमच्याकडे बघत उभे होते.